रस्त्याकडेची झोप: वाहनांचा आवाज, घराची थरथर आणि तक्रारीचा पत्ता

असोदा हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. १८८० साली इथे बहिणाबाई चौधरी जन्मल्या, आणि थंडी पडली की इथल्या वांग्यांच्या भरीताची आठवण खान्देशाबाहेर गेलेल्या माणसालाही होते. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बहिणाबाईंच्या काळात या गावाची पहाट घरोटाच्या, म्हणजे जात्याच्या, घरघरीने उजाडत असे. आवाज तेव्हाही होताच, पण तो माणसाने उठून केलेला होता. आज त्याच पहाटे रस्त्याकडेच्या घरातला माणूस जागा होतो तो गतिरोधकावर आदळलेल्या रिकाम्या डंपरच्या फाळक्याने.

जळगाव शहर असोद्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. शहर वाढत गावाकडे आले, गाव वाढत रस्त्याकडे आले. मधे रेल्वेचे फाटक, त्या फाटकाच्या जागी हाती घेतलेले उड्डाणपुलाचे काम, दुतर्फा पडलेले प्लॉट, शाळेच्या बस, रिक्षा, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि खडी-वाळूची वाहने. अशा रस्त्यावर राहणारी माणसे आवाजाला आणि हादऱ्यांना कंटाळली, तर ती कुणाकडे जातात? तिथे त्यांचे काय होते? आणि खरोखर काय करता येण्याजोगे आहे? या तीन प्रश्नांचा हा आढावा आहे. दाखले जळगाव-धुळ्याचे असले, तरी महामार्गाला लागून असलेल्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला ते आपलेच वाटतील.

तक्रारीत आवाज दिसत का नाही

ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत ‘वाहनांचा आवाज’ असा विषय क्वचितच सापडेल. लोक सोसत नाहीत असे नाही. ते दुसऱ्या नावाने तक्रार करतात. ‘शाळेसमोर गतिरोधक टाका’, ‘खड्डे बुजवा’, ‘अवजड वाहने गावातून बंद करा’, ‘रात्रीची वाळू वाहतूक थांबवा’ या अर्जांच्या पोटात झोपमोड असते. झोप गेली एवढ्या कारणावर कुणी अर्ज घेणार नाही, हे माणसाला अनुभवाने कळलेले असते. म्हणून तो अपघाताची भीती पुढे करतो. ती भीतीही खरीच असते.

जळगाव शहराचेच पाहा. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, म्हणजे आताचा ५३, शहराच्या मधोमध गेला. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली या ठिकाणी सुरत-नागपूर मार्गाची मालवाहतूक आणि शाळेला निघालेली सायकल एकाच डांबरावर आली. २०१८ मध्ये समांतर रस्त्यांसाठी नागरिकांनी मोठे आंदोलन उभारले. त्याच्या मुळाशी महामार्गावर गेलेले जीव होते. त्याच महामार्गाला लागून हजारो लोक रात्री झोपत होते, पण त्यांच्या झोपेचा मुद्दा मागण्यांच्या यादीत वर येणे शक्यच नव्हते. मृत्यूपुढे झोपेचे काय, असे कुणालाही वाटेल. मात्र याचा परिणाम असा की आवाजाची तक्रार कागदावर येत नाही. कागदावर नसलेले कुणी मोजत नाही, आणि मोजलेले नसले की नियम लागू होत नाही. या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे.

धुळ्यात हीच गोष्ट अधिक मोठ्या मापाची आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन मोठे मार्ग तिथे एकत्र येतात. बाहेरगावची वाहने रात्रभर वाहतात, आणि त्यांतल्या एकाही चालकाला धुळ्याच्या महापालिकेत मत नाही. तक्रार करणारा इथला आणि आवाज करणारा भलतीकडचा, हे महामार्गावरच्या गावांचे दुःख आहे.

आवाज किती, आणि कशाचा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप सरळ बेरजेचे नाही. रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली तर आवाज साधारण ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. याचा उलटा अर्थ रहिवाशांनी नीट समजून घ्यावा. निम्मी वाहने वळवली तरी फरक ३ डेसिबलचाच पडतो, कानाला तो जेमतेम जाणवतो. म्हणून नुसती संख्या कमी करून भागत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाची मोजकी वाहने आधी हाताळावी लागतात.

वेग कमी असताना इंजिनाचा आवाज जास्त असतो. वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर गेला की टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. आपल्या मानकांनुसार नव्या अवजड ट्रकच्या आवाजाची चाचणीतली मर्यादा ७.५ मीटर अंतरावर ८० डेसिबलपर्यंत आहे. खेड्यातल्या घराचा ओटा रस्त्यापासून तीन-चार मीटरवर असतो. अंतर निम्मे झाले की जवळून जाणाऱ्या एका वाहनाचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे सर्व नियम पाळणारा, नवा, नीट राखलेला ट्रकसुद्धा ओट्यावर बसलेल्या आजीच्या कानाशी ८५ डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. त्यावर प्रेशर हॉर्न, फाटका सायलेन्सर आणि रिकाम्या डंपरचा खडखडाट वेगळा. रिकामे वाहन भरलेल्यापेक्षा जास्त वाजते, हे रस्त्याकडेच्या प्रत्येकाला माहीत आहे. फाळका, साखळ्या, सैल पाटे, सगळेच बोलू लागते.

आरोग्यावरचा परिणाम आता वादाचा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या. त्यांनुसार रस्त्यावरच्या वाहतुकीचा दिवसरात्रीचा भारित सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या आणि रात्रीचा ४५ डेसिबलच्या खाली असावा. ५३च्या वर दर १० डेसिबलमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष त्यासाठी गोळा केलेल्या अभ्यासांतून निघाला. याच संघटनेच्या २०११ च्या अहवालात पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजापायी दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षे वाया जातात, असा अंदाज मांडला होता. माणूस जागा झाला नाही तरी शरीर जागे होते. नाडी चढते, झोप उथळ होते, आणि सकाळी उठताना अंग जड असते.

खान्देशात याला आणखी एक बाजू आहे. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. माणसे गच्चीवर, धाब्यावर, अंगणात, ओट्यावर झोपतात. बंद खिडकी २०-२५ डेसिबल आवाज अडवते. उघड्यावर झोपलेल्या माणसाला कोणती खिडकी? थंड देशांनी काढलेले निम्मे उपाय घर बंद करण्यावर उभे आहेत. आपला उन्हाळा तो उपाय स्वीकारत नाही. म्हणून आपल्याकडे आवाज जिथे निर्माण होतो तिथेच आवरण्यावाचून इलाज नाही.

थरथर: भिंतीतली आणि अंगातली

‘ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजतात’ ही तक्रार आणि ‘ट्रकांमुळे भिंतीला तडे गेले’ ही तक्रार एकत्र केली जाते. त्या वेगळ्या आहेत, आणि वेगळ्या ठेवल्या तरच टिकतात.

हादरा दोन वाटांनी येतो. इंजिनाचा खर्जातला आवाज हवेतून येऊन खिडक्या-दारे थरथरवतो. दुसरी वाट जमिनीतून. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर आदळले की माती हलते आणि ते हलणे पायापर्यंत पोहोचते. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे स्पष्ट केले की जमिनीतून येणारा हादरा मुख्यतः रस्त्याच्या उंचसखलपणावर, वेगावर आणि वाहनावर अवलंबून असतो. मऊ मातीत तो अधिक जाणवतो. सपाट रस्त्यावरून गेलेला ट्रक घराला फारसे हलवत नाही. त्याच अभ्यासाने हेही सांगितले की वाहतुकीच्या हादऱ्यांनी इमारतीच्या सांगाड्याचे नुकसान झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

हे ऐकून रहिवाशाला राग येतो, कारण त्याच्यासमोर तडा दिसत असतो. पण आकडे समजून घ्यावेत. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचे हलणे जाणवते. १ मिलिमीटरला तो तक्रार करतो. घराला इजा होण्याची मर्यादा याच्या बरीच वर आहे. जर्मन मानक राहत्या घरासाठी पायाशी, कमी वारंवारितेला, ५ मिलिमीटर सांगते. भारतात खाणीतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे परिपत्रक आहे. त्यातही ८ हर्ट्झखालच्या हादऱ्यांसाठी इतरांच्या मालकीच्या घरांना ५ मिलिमीटरचीच मर्यादा आहे. माणूस घराच्या कितीतरी आधी हादरतो. म्हणून तडा सिद्ध झाला नाही तर तक्रारच खोटी, असे म्हणणे अन्यायाचे आहे. रोज रात्री दहा वेळा अंथरूण हलणे हीच पुरेशी तक्रार आहे.

तरीही आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे तापीकाठची काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची घरे ट्रक नसतानाही तडकतात. दुसरी म्हणजे धाब्याची मातीची घरे. जर्मनीची ती मर्यादा विटांच्या, नीट पाया घातलेल्या घरांसाठी आहे. ती मातीच्या भिंतीला जशीच्या तशी लावणे बरोबर नाही. अशा वेळी साधा उपाय आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करावी, तारीख लिहावी, पट्टी धरून महिन्याला फोटो काढावा. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा बहुधा मातीचा असतो. वर्षभर एकाच दिशेने वाढणारा तडा मात्र अभियंत्याला दाखवावा. वर्षभराची अशी नोंद हातात असली की चर्चा आरडाओरड्यावरून पुराव्यावर येते.

या शास्त्राचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष साधा आहे: रस्ता सपाट करा, हादरे कमी होतील. जलवाहिनीसाठी खोदलेली आणि ओबडधोबड बुजवलेली चारी, खचलेला चेंबर, डांबराच्या थरांमधली पायरी हे हादऱ्यांचे कारखाने आहेत. जळगावात अमृत योजनेच्या कामांसाठी रस्ते खोदले गेले. गावोगावी नळपाणी योजनांसाठीही तसेच झाले. चारी बुजवण्याचा दर्जा हा धुळीचा आणि पाठदुखीचा विषय आहेच. शेजारच्या घराच्या झोपेचाही आहे.

आणि गतिरोधक! गावात अपघात होतो, लोक रस्त्यावर उतरतात, आणि रात्रीतून डांबराचा उभा उंचवटा तयार होतो. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गावातले बरेच उंचवटे फूटभर रुंदीत तेवढीच उंची गाठतात. त्याने वेग कमी होतो, पण शेजारच्या घराला प्रत्येक वाहनाचा ब्रेक, आदळणे आणि पुन्हा गिअर टाकून उचललेला वेग असे तिन्ही आवाज मिळतात. गतिरोधक कुणाच्या दारात टाकायचा, यावरून गल्लीत भांडणे होतात ती याचमुळे. मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक अपघात आणि हादरा दोन्ही आवरतो. त्यासाठी भांडायला हवे.

कायदा कुठवर सोबत करतो

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशा मर्यादा आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या मर्यादा सरासरीच्या आहेत. तासाला दोनच डंपर गेले तर सरासरी फारशी चढत नाही, झोप मात्र तितक्या वेळा मोडते. शाळा-दवाखान्यांभोवतीच्या शांतता क्षेत्राचाही आधार आता आपोआप मिळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने घोषित केले तरच ते क्षेत्र ठरते.

तक्रारीचा नियम सातवा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर कोणीही ‘प्राधिकरणा’कडे तक्रार करू शकतो. प्राधिकरण म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या दर्जाखाली नसलेला नेमलेला अधिकारी. ग्रामपंचायत नव्हे, महापालिकाही नव्हे. १० डेसिबलची अट म्हणजे ध्वनिमापक नसलेल्या माणसासाठी बंद दार.

पण त्याच नियमाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक खिडकी उघडी आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. नियम ५-अ प्रमाणे निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला, आणीबाणीचा प्रसंग सोडता, बंदीच आहे. या तक्रारीला डेसिबलचा आकडा लागत नाही. वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक एवढे पुरते.

मोटार वाहन कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीनंतर दातही दिले. विनाकारण हॉर्न वाजवणे किंवा सायलेन्सर टाळून धूर सोडणे यासाठी कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड आहे. आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. कलम ११५ खाली विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वेळी अवजड वाहनांना मज्जाव करता येतो. हादऱ्यांसाठी मात्र रस्ते वाहतुकीला लागू होणारी कोणतीच कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नाही. सुरुंगाच्या हादऱ्याला माप आहे, ट्रकच्या हादऱ्याला नाही.

एका रस्त्याचे पाच धनी

राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. शहरातले रस्ते महापालिकेकडे, गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. वाहनाची तपासणी परिवहन कार्यालयाकडे, हॉर्नचा दंड पोलिसांकडे, वाळूच्या डंपरवर कारवाई महसूल खात्याकडे, आवाजाचे मोजमाप प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्या बाईला यातले काय ठाऊक असणार? तिला सरपंच ठाऊक असतो. ती त्याच्याकडे जाते, आणि तो म्हणतो, ‘ताई, रस्ता आपला नाही.’ तो खोटे बोलत नसतो. पण त्या वाक्यापाशी तक्रार संपते.

वाळूचेच घ्या. गिरणेच्या आणि तापीच्या काठच्या गावांत रात्रीच्या डंपरची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. उपसा दिवसाच करायचा नियम आहे. २०२५ साली राज्य सरकारने परवानाधारक वाळूची वाहतूक चोवीस तास करण्याची मुभा जाहीर केली. दिवसा शहरातून अवजड वाहनांना बंदी असल्याने साठलेली वाळू हलत नाही, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण शहराच्या दिवसाची सोय पाहताना गावाच्या रात्रीचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडला? रात्री वाहतूक करायचीच असेल, तर तिचा मार्ग, वेग आणि हॉर्नबंदी परवान्यातच लिहायला हवी.

न्यायालयांनी काय दिले

मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८०च्या दशकातच ध्वनिप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे सुमैरा अब्दुलाली आणि त्यांच्या आवाज फाउंडेशनने हातात मापक घेऊन आकडे जमवले, आणि आकड्यांनिशी मागणी करण्याची पद्धत रुजवली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात निवासी भागात रात्री १० ते ६ हॉर्न वाजवू नये असे म्हटले. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सविस्तर आदेश दिले. त्यानंतर राज्यातल्या २७ शहरांचे ध्वनिमापन नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडून झाले.

तरी या लढ्यांचा मुख्य रोख लाउडस्पीकर, मंडप आणि फटाक्यांवर राहिला. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचे चार दिवस मोजले जातात. उरलेल्या ३५० दिवसांत रस्ता मोजला जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०११ पासूनचे सततच्या ध्वनिमापनाचे जाळे सात महानगरांपुरते आहे. खान्देशातला एकही रस्ता त्यात नाही.

स्थानिक संस्थांच्या जबाबदारीवरचा सर्वांत मोलाचा निकाल मात्र आपल्या शेजारचाच आहे. रतलामच्या एका वस्तीने गटार आणि दुर्गंधीबद्दल तक्रार केली, तेव्हा नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण फेटाळले. लोकांच्या आरोग्याचे मूलभूत कर्तव्य निधीअभावी टाळता येत नाही, असे त्यांनी ठरवले. त्या वेळी वापरलेले फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आज नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम दंडाधिकारी आजही काढू शकतो.

बाहेरच्यांकडून काय घ्यावे

ब्रिटनमध्ये १९७५ च्या नियमांनुसार नव्या रस्त्यामुळे घराशी आवाज ६८ डेसिबलच्या ठरावीक मापावर गेला, तर रस्ता बांधणाऱ्याने त्या घराला आवाजरोधक खिडक्या द्यायच्या असतात. युरोपीय संघाने २००२ पासून मोठी शहरे आणि मोठे रस्ते यांचे ध्वनिनकाशे दर पाच वर्षांनी काढायला लावले. हे चांगले आहे, पण आपल्या गच्चीवर झोपणाऱ्या माणसाला त्यातले थोडेच उपयोगी पडेल.

आपल्यासाठी खरा धडा जपानचा आहे. तिथे १९६८ चा आवाजाचा आणि १९७६ चा कंपनाचा असे स्वतंत्र कायदे आहेत. वाहतुकीच्या कंपनाची दिवसाची आणि रात्रीची मर्यादा ठरलेली आहे. मोजणी नगरप्रमुख करतो. मर्यादा ओलांडली आणि लोकांना जाच होत असेल, तर तो रस्त्याच्या धन्याकडे डांबर आणि दुरुस्तीची, तसेच वाहतुकीचे नियमन करणाऱ्या यंत्रणेकडे निर्बंधांची कायदेशीर मागणी करतो. रस्ता त्याचा नसतो, वाहनही त्याचे नसते. मोजण्याचा आणि मागण्याचा हक्क मात्र त्याचा असतो. आपल्या सरपंचाच्या ‘रस्ता आपला नाही’ या वाक्याला याहून नेमके उत्तर नाही.

उरलेल्या उपायांचे मोल थोडक्यात असे. एक-दोन रांगांतली झाडे सावली देतात, आवाज फारसा अडवत नाहीत. दृष्टीआड करणारी सलग भिंत सुमारे ५ डेसिबल किंवा अधिक उतार देते, पण दर घराला फाटक असलेल्या गावरस्त्यावर ती बसत नाही. वेग उतरवणे, रस्ता सपाट ठेवणे, हॉर्न आणि सायलेन्सरवर सातत्याने दंड करणे हे तीन उपाय स्वस्त आहेत आणि इथे चालणारे आहेत. मुंबई पोलिसांनी २०२० साली ८५ डेसिबलच्या वर हॉर्न गेले की सिग्नलचा लाल दिवा लांबवून पाहिला. लोकांना तो प्रयोग आवडला, पण असे प्रयोग एका दिवसाचे राहिले की सवय बदलत नाही.

बाह्यवळणाने प्रश्न सुटेल का

पाळधी ते तरसोद असा शहराच्या उत्तरेकडून जाणारा बाह्यवळण रस्ता हा जळगावकरांचा फार दिवसांचा आधार आहे. त्याने शहराच्या मधला मोठा भार उतरेल, आणि हे मोठे काम आहे. पण आवाज नाहीसा होत नाही, जागा बदलतो. शहराच्या या अंगाला असोद्यासारखी गावे आहेत. आज जिथे केळी आणि कपाशी आहे तिथे उद्या प्लॉट पडतील. रस्त्याला लागून मिळालेला प्लॉट म्हणजे भाग्य, अशी जाहिरात होईल. दहा वर्षांनी त्याच प्लॉटवरची घरे तक्रारी घेऊन पंचायतीत येतील. दुसरीकडे शहरातला जुना रस्ता मोकळा झाला की त्यावरचा वेग वाढेल, आणि तो वेळीच आवरला नाही तर मिळालेली शांतता हातची जाईल.

इथे ध्वनिनियमांतल्या तिसऱ्या नियमाचे एक वाक्य कामी येते. विकासाचे कोणतेही नियोजन करताना प्राधिकरणांनी आणि स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषणाचा विचार करायचाच आहे. गोदामे, गाळे, पेट्रोलपंप रस्त्याकडे आणि घरे त्यांच्या मागे, अशी साधी मांडणी अभिन्यास मंजूर होतानाच मागता येते. घरे उभी राहिल्यावर उपाय महाग होतात. आज शेतात उभे राहून रेघ मारायला काही लागत नाही.

गावाच्या हातात काय आहे

वाहतूक थांबवा, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. केळीचा ट्रक रात्री निघाला नाही तर माल पिकतो, आणि पहाटे तोडलेली वांगी सकाळच्या बाजारात पोहोचायलाच हवीत. रस्त्याकडेच्या घरातला माणूसही याच मालावर जगतो. मागणी एवढीच आहे की त्या ट्रकाने गावातून जाताना वेग उतरवावा, हॉर्न वाजवू नये, आणि त्याच्या चाकाखालचा रस्ता सपाट असावा.

त्यासाठी ग्रामपंचायतीने स्वतंत्र आवाज-हादरा नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा प्रकार, शक्य असेल तर क्रमांक. मोबाइलमधल्या मापकाचा आकडा पुरावा म्हणून कच्चा असतो, पण कुठे मोजायला हवे हे दाखवायला पुरतो. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठरावाच्या प्रती प्रत्येक धन्याला त्याच्या वाटणीचे काम लिहून पाठवाव्यात. बांधकाम विभागाला खड्डे आणि मानकाप्रमाणे गतिरोधक, पोलिसांना रात्रीचे हॉर्न, परिवहन कार्यालयाला सायलेन्सर आणि जादा भार, तहसीलदाराला वाळू, प्रदूषण मंडळाला मोजणी, जिल्हाधिकाऱ्यांना अवजड वाहनांच्या वेळा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा नोंदवहीसह आलेला ठराव तिथे वेगळे वजन घेऊन उभा राहतो. महापालिकेने तर स्वतःचे मापक घेऊन वर्षातून चार वेळा मुख्य रस्ते मोजावेत आणि आकडे लोकांसमोर लावावेत. एका ध्वनिमापकाची किंमत एका गतिरोधकापेक्षा फार नाही.

आणि राज्य सरकारने जपानप्रमाणे हा मागणीचा हक्क कायद्यात लिहावा: स्थानिक संस्थेने मोजून पाठवलेल्या मागणीला रस्त्याच्या धन्याने ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यायचे, आणि रस्त्याच्या दुरुस्तीत हादऱ्याच्या तक्रारीला स्वतंत्र प्राधान्य द्यायचे.

रस्त्याकडेचे घर बहुधा गरिबाचे किंवा जुन्या माणसाचे असते. ज्याला जमते तो आत, मळ्यात, कॉलनीत राहायला जातो. मागे राहतात ते म्हातारे, भाडेकरू, दुकानाच्या मागच्या खोलीत झोपणारी कुटुंबे. त्यांच्या घरातली बाई पंचायतीत येऊन सांगते, ‘रात्री दोन वाजता घर हाललं, पोरगं दचकून उठलं.’ त्या वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने वही उघडून तिच्यासमोर तारीख आणि वेळ लिहावी, आणि तिची सही घ्यावी. रस्ता कुणाचा, हे त्यानंतर पाहता येईल.